शेंगांची तोंडं उघडी आहेत तोवर

माघ पौर्णिमा

चि. ताईस,


तू पाठवलेला फोटो काल तुझ्या काकाच्या फोनवर पाहिला. तू आनंदाने सांगत होतीस, "आजी, चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबतंय. सात आहेत, मोजलं मी." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं तुटलं. काका उद्या पहाटे वाईला उतरतोय. त्याच्या हाती हे पत्र देते आहे, आणि सोबत एक रिकामी पेटी. पेटी कशासाठी, ते वाचलंस की कळेल.

त्या शेंगा म्हणजे राणीघरं. तुझी मोठी वसाहत फुटायच्या तयारीला लागली आहे. घाबरू नकोस, आणि सुरी घेऊन ती घरं कापायलाही जाऊ नकोस. मी फोटो मोठा करून नीट पाहिला. शेंगांची तोंडं अजून उघडी आहेत. आपल्या हातात जो काही वेळ आहे तो तेवढाच.

सातेरीच्या, म्हणजे तुझ्या पेट्यांतल्या आपल्या देशी मधमाशीच्या, राणीचा हिशेब पाठ करून ठेव. अंडं तीन दिवस. मग अळी, साधारण पाच दिवस. या दिवसांत दाई माशा तिला रॉयल जेलीत अक्षरशः बुडवून ठेवतात. आठव्या दिवसाच्या आसपास घराचं तोंड मेणाने बंद होतं आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी नवी राणी टोपण कापून बाहेर येते. पण जुनी राणी तिची वाट पाहत बसत नाही. पहिलं राणीघर बंद झालं की स्वच्छ उन्हाचा दिवस पाहून ती निम्म्या किंवा त्याहून जास्त माशा घेऊन निघते. बंद शेंग दिसल्यावर ज्याची धावपळ सुरू होते, त्याला बहुधा उशीरच झालेला असतो.

खरं तर तुला याची चाहूल आधीच लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी तू विचारलं होतंस, काही घरांची टोपणं उंच का आणि त्यांच्या टोकाला सुईने टोचल्यासारखं छिद्र का. ती नरघरं. सातेरी आधी नर वाढवते, मग राण्यांच्या तयारीला लागते; नवरी उपवर व्हायच्या आत वर तयार असायला हवेत ना! नरघरं वाढली, पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांचा भाग, चौकटीच्या कडेपर्यंत पोचला, कोवळ्या माशांना आत जागा पुरेना, संध्याकाळी दाराशी माशांची दाढी लोंबू लागली, की वसाहतीच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचं. गर्दी एवढी होते की राणीच्या अंगचा वास सगळ्यांपर्यंत पुरेसा पोचत नाही. राणी जुनी असली तर तो वास मुळातच कमी. आणि बाहेरून पराग भरभरून येत असतो. मग माशा नव्या राण्यांची घरं बांधायला घेतात.

आपल्याकडे लोक म्हणतात, "माशा पळाल्या." हा शब्द मला कधीच पटला नाही. एकेक माशी जन्मते ती वसाहत वाढण्यासाठी, आणि वसाहतीला वसाहत होते ती फुटूनच. गाय वितेच ना गं? तिच्यावर आपण रागावतो का? आपण गोठ्यात गवत अंथरतो आणि रात्री जागतो. मधपाळाचं कामही तेच.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेन. मला कोणीतरी सांगितलं होतं, राणीघर दिसलं की मोडायचं. मी एका दुपारी पेटी उघडली, होती नव्हती ती सगळी राणीघरं खुडली आणि समाधानाने झाकण लावलं. जुनी राणी आठवडाभर आधीच थवा घेऊन गेलेली होती, हे मी पाहिलंच नव्हतं. पेटी माशांनी भरलेली दिसत होती, तेवढ्यावर मी विसंबले. तीन आठवड्यांनी उघडली तर एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, तीही तळाशी नाही तर भिंतींना चिकटवलेली. राणी नाही, नवी राणी करायला अळी नाही, म्हणून कामकरी माशाच अंडी घालू लागल्या होत्या. त्यांचा नराशी संग झालेला नसतो, त्यामुळे त्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. चैत्र संपायच्या आत ती पेटी मेणकिड्याने खाल्ली. जांभूळ डोक्यावर फुललेला होता आणि माझ्या अंगणात एक अनाथ घर झिजून संपत होतं. ती चूक मी अजून विसरलेले नाही. म्हणून तुला पहिला नियम सांगते: चौकट उचललीस की आधी अंडं शोध. सूर्याकडे पाठ कर, चौकट थोडी तिरकी धर, म्हणजे घराच्या तळाशी उभी पांढरी रेघ दिसेल. उभं अंडं म्हणजे राणी गेल्या दिवसाभरात इथे होती. हे दिसेपर्यंत एकही राणीघर मोडायचं नाही.

आता उद्या काय करायचं ते सांगते.

काका पोचला की दहा-अकराच्या उन्हात मोठी पेटी उघड. त्या वेळी म्हाताऱ्या माशा रानात असतात, गर्दी कमी असते. धूर थोडाच दे; सातेरी जास्त धुराने बिथरते. जुनी राणी शोध. सापडली की ती ज्या चौकटीवर आहे ती चौकट माशांसकट नव्या पेटीत ठेव. त्या चौकटीवर राणीघर असेल तर तेवढं काढ. तिच्या शेजारी बंद पिलाव्याची एक चौकट आणि मध-पराग असलेली एक चौकट दे. मग आणखी एका चौकटीवरच्या कोवळ्या माशा नव्या पेटीत झटक, कारण ज्या माशा रानात जाऊन आलेल्या आहेत त्या संध्याकाळपर्यंत जुन्या जागेवर परततील आणि नवी पेटी उणी पडेल. राणीघर असलेली चौकट मात्र चुकूनही झटकू नकोस, आतली अळी जागची सुटते. नवी पेटी फणसाखाली, जुनीपासून दूर, तोंड दुसऱ्या दिशेला करून ठेव. दार एक-दोन माशा जातील एवढं बारीक ठेव. दोन-तीन संध्याकाळी साखरेचा पाक दे, साखर आणि पाणी समसमान. पाक सांडू देऊ नकोस. एक थेंब सांडला तरी दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात. पेटीखालच्या घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, नाहीतर पहिल्या रात्रीच मुंग्या चढतील.

जुन्या पेटीत सातपैकी मोठं, सरळ, खरबरीत कातडीचं एक राणीघर निवड आणि बाकीची काढ. मग आठवड्याने पुन्हा बघ. पोळ्यात कोवळ्या अळ्या असतील, त्यांतून माशा मधल्या भागात नवी राणीघरं काढतील. तीही काढ. दोन-तीन ठेवावीत असं तुला वाटेल, मन चलबिचल होईल. पण सातेरीचा स्वभाव असा की जास्त राण्या निघाल्या तर एकामागून एक छोटे थवे सुटतात आणि मूठ-मूठभर माशांचे तुकडे उरतात. एकही धड जगत नाही.

नवी राणी निघाल्यावर पाच-सात दिवसांनी उडायला जाते, हवेतच अनेक नरांशी तिचा संग होतो, आणि परत आल्यावर काही दिवसांनी ती अंडी घालू लागते. या काळात पेटी उघडू नकोस. परतणारी राणी उघड्या पेटीच्या गडबडीत वाट चुकू शकते. महिनाभराने उघड आणि अंडं शोध. दिसलं की मला फोन कर, रात्री-बेरात्री केलास तरी चालेल.

तुला वाटेल, हंगाम तोंडावर आणि आजी पेटी फोडायला सांगते. या धंद्यात मी जे काही शिकले त्याचं सार या एका हिशेबात आहे, म्हणून नीट वाच.

कामकरी माशी अंड्यापासून निघायला साधारण वीस दिवस लागतात. निघाली की ती लगेच रानात जात नाही. आधी घरं साफ करते, अळ्यांना भरवते, मेण पाझरते, पोळं बांधते, मकरंद आटवते, दारावर उभी राहते. यात आणखी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आज फुलावर बसलेली माशी चाळीस दिवसांपूर्वीचं अंडं आहे. जांभूळ फुलल्यावर पेटीला खुराक देऊन ती भरत नाही, आणि जांभूळ फुलताना जी पेटी फुटते तिचा मध त्या वर्षी गेलाच.

आता आजचा दिवस मोज. माघ पौर्णिमेपासून चाळीस दिवस म्हणजे होळी होऊन दहा दिवस, पाडव्याच्या चार-पाच दिवस अलीकडे. तुझ्या ओढ्याकाठचे जांभूळ त्याच सुमाराला बहरात येतात. जुन्या पेटीत उद्या शेवटचं जे अंडं असेल, ते वीस दिवसांनी माशी होईल आणि आणखी वीस दिवसांनी रानात जाईल. तिथे तेव्हा भरवायला पिलावा थोडाच असेल, म्हणून आलेला मकरंद बहुतेक साठ्यातच जाईल. आणि जुनी राणी फणसाखाली आपलं नवं घर वाढवत असेल. हाच हिशेब महिनाभर उशिरा केला असता तर दोन्ही घरं अर्धवट राहिली असती. पहिल्या कळ्या फुगलेल्या दिसल्या की जुन्या पेटीवर मधकोठी चढव. फुलं उघडायची वाट पाहू नकोस, आधी जागा दे.

एवढं करूनही कधी थवा निघेलच. तेव्हा अंगण आवाजाने भरून जाईल, थोड्या वेळाने माशा जवळच्या फांदीवर घोस करून बसतील. थव्यातल्या माशा पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि त्यांच्याकडे राखायला पिलावा नसतो, म्हणून त्या सहसा डंखत नाहीत. पाण्याचा बारीक फवारा मार, खाली टोपली धर, फांदीला एकच जोरदार झटका दे. राणी टोपलीत पडली तर बाकीच्या आपोआप येतात.

मला तो घोस बघत बसायला फार आवडतं. वरवर निवांत दिसतो, पण त्याच्या अंगावर काही माशा नाचत असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर नावाच्या तरुण संशोधकाने अशाच थव्यावर नाचणाऱ्या माशा पाहिल्या. फुलावरून आलेली माशी परागाने माखलेली असते. या मात्र काजळीने आणि विटांच्या धुळीने माखलेल्या होत्या. त्याच्या लक्षात आलं की या फुलांचा पत्ता सांगत नाहीत, पडक्या शहरातल्या धुराड्यांत आणि भिंतींच्या फटींत हिंडून नव्या घराचा पत्ता सांगत आहेत. जागा जितकी चांगली तितका नाच लांबतो, दुसऱ्या माशा जाऊन स्वतः पाहून येतात, आणि हळूहळू सगळ्यांचं एका जागेवर मत बसतं. राणी यात काही ठरवत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या पेटीबद्दल. तू म्हणालीस, "ती शांत आहे, तिची काळजी नाही." ताई, मला तिचीच काळजी आहे.

घर सोडण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक भरल्या घरातून निघणं, ते आपण पाहिलं. मागे निम्म्या माशा, पिलावा, मध आणि राणीघरं राहतात. दुसरं, घर नकोसं झालं म्हणून सगळ्यांनीच निघून जाणं. मागे कोरडी पोळी राहतात, बाकी काही नाही. भूक, मेणकिडा, मुंग्या, दुपारचं तापतं ऊन, आपलंच रोज रोज झाकण उघडणं, यांतलं काहीही पुरतं. जाण्याआधी राणी अंडी घालणं कमी करते, साठवलेला मध माशा पिऊन घेतात, परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या दिसेनाशा होतात. बाहेरून हे सगळं "शांत" दिसतं. सातेरी याबाबतीत फार हळवी. उद्याच उघडून बघ. अंडी आहेत का, मधाची कमान आहे का, तळपाटावर मेणकिड्याची जाळी आहे का. उपाशी असेल तर पाक दे, माशांनी न झाकलेली काळी पोळी काढून टाक, पेटी सावलीत घे.

मोठ्या पेटीतली बंद पिलाव्याची चौकट तिला द्यावी असं तुला वाटेल. द्यायलाही हरकत नाही, पण आधी दोन्हींकडच्या अळ्या नीट बघ. घरात ताठ पडलेली, डोकं वर उचललेली, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अळी दिसली तर कोणतीही चौकट इकडची तिकडे करू नकोस. तो सॅकब्रूड, विषाणूचा रोग. 1991-92 साली दक्षिण भारतात त्याने सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला. पेट्या रिकाम्या झाल्या, तसे कितीतरी मधपाळ हा धंदा सोडून गेले. ज्यांनी चिकाटीने रानातल्या निरोगी मोहोळांपासून पुन्हा सुरुवात केली, त्यांच्यामुळे आज तुझ्या-माझ्या अंगणात पेट्या आहेत.

फुलांचं म्हणशील तर पंचांगावर मी पूर्वीइतकी विसंबत नाही. तुला पाडव्याचा हिशेब सांगितला, पण तो अंदाज आहे. बहरात एक अवकाळी पाऊस आला की फुलातला मकरंद धुऊन जातो आणि रान फुललेलं असूनही पेटी हलकी राहते. कोरडा वारा सुटला तरी तेच. म्हणून झाडाकडे बघ. शेवगा, जांभूळ, कडुनिंब, करंज, चिंच, भादव्यानंतरचं कारळं, तुझ्या पेटीपासून किलोमीटरभराच्या आत काय काय आहे ते पायी हिंडून लिहून काढ. सातेरी त्याहून फार लांब जात नाही. दोन बहरांमध्ये खंड कुठे पडतो ते शोध आणि तिथे एखादं झाड लाव. मळ्यांत फवारणी होते का, कधी होते, हेही विचार. एका वर्षी आमच्या शेजारच्या मळ्यात भर सकाळी औषध मारलं आणि दुपारपर्यंत माझ्या पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा थर पडला. मी भांडले नाही, संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसले. स्ट्रॉबेरीचं फळ नीट भरायचं तर फुलावर माशी बसायला हवी, हे त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते सूर्य मावळल्यावर फवारतात आणि आदल्या दिवशी मला निरोप देतात. मधपाळाचं निम्मं काम शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून होतं.

मध काढताना मधकोठीतल्याच चौकटी काढ, आणि त्याही पाऊण भाग मेणाने बंद झालेल्या. उघडा मध पातळ असतो, आंबतो. खालच्या कोठीतल्या मधाला हात लावू नकोस. मृगापासून पुढे तीन-चार महिने आपल्याकडे माशीला बाहेर पडायला दिवस मिळत नाहीत. तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे. एका पेटीने वर्षाला पाच-सात किलो दिला तर समाधान मान. पावसाआधी दुबळ्या वसाहती एकत्र कर, पेटी दाराकडे जरा उतरती ठेव, वर गवताची शाकारणी कर.

सवड काढून पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून ये. ती 1962 पासून आहे. आणि सुट्टीत इकडे आलीस की आपण मांघरला जाऊ. 2022 साली ते 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या पेट्या बघ, पण पेट्यांच्या मागचं रान जास्त बघ. हिरडा, जांभूळ, पिसा, गेळा उभे आहेत म्हणून तिथे मध आहे. कारवी तर आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून मरते. त्या वर्षी आश्विनातही पेट्या जड होतात. कारवीचे बहर मोजत वय मोजलं तर माणसाच्या वाट्याला दहासुद्धा धड येत नाहीत. म्हणून जे दिसेल ते लिहून ठेवायचं, पुढच्या बहराला दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतं.

रिकाम्या पेटीत एक कोरी वही ठेवली आहे. माझ्या जुन्या वह्या तुझ्याच आहेत, पण आधी तुझी एक भरू दे. पहिली ओळ मी लिहून दिली आहे: माघ पौर्णिमा, मोठी पेटी, राणीघरं सात, तोंडं उघडी.

दुसरी ओळ उद्या दुपारी तू लिही. जुनी राणी सापडली की नाही, आणि अंडं उभं होतं की नाही, एवढंच.

तुझी,
आजी